सातेरीवरचं फायबर

फायबर हा शब्द आमच्या केरीच्या घरात आला तो भावोजींच्या बॅगेतून. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आखातात बोटी बांधायच्या एका यार्डात नोकरीला होते. तिथे नक्की काय करत होते हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. स्टोअरच्या खिडकीत बसून कामगारांना रंगाचे डबे आणि ब्रश देत होते. पण रजेवर आले की असा आव आणायचे, की यार्डाचा मालक सकाळी उठून आधी यांना विचारतो आणि मग दात घासतो. त्या खेपेला त्यांच्या बॅगेतून अत्तराच्या बाटल्या निघाल्या, दुधाच्या पावडरीचा डबा निघाला, आईसाठी तिने पुढे जन्मात न नेसलेली नायलॉनची साडी निघाली, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हिरवट पांढरा तुकडा निघाला. उंड्याएवढा, म्हणजे गोल पावाएवढा, असेल. भावोजींनी तो मेजावर ठेवला, पायरीजवळचा धोंडा उचलून आणला आणि त्याच्यावर दाणकन हाणला. तुकडा फुटला नाही. मेजाला मात्र खोक पडली. "बघा," भावोजी म्हणाले, "हेका म्हणतत फायबर." आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं, आणि मेजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते मेज आता माझ्याकडे डिचोलीला आहे. सून त्या खोकेवर प्लास्टिकचं कापड घालते आणि मी ते काढून टाकते.

जावई घरात आला की आमच्याकडे माणसांची अक्कल खुंटीला टांगून ठेवायची पद्धत होती. आई पहाटे उठून शिरवाळ्यांचं पीठ मळायची, नारळाचा रस काढायची, पोदेराची घंटा वाजली की मला धावत पाठवायची, कारण भावोजींना पाव गरम लागायचा. श्रावण होता. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नसे, म्हणून रोज अळू, खतखतं, फणसाच्या आठळ्या, मुगागाठी. भावोजी ते सगळं दुःखी चेहऱ्याने चापून खायचे आणि ओसरीवर जाऊन आपल्या बॅगेतला माशांचा डबा गुपचूप फोडायचे. वास घरभर यायचा. आई म्हणायची, "परदेशात रवलेलो माणूस, सवय मोडता." आम्हा पोरींपैकी कुणी श्रावणात सुक्या बांगड्याकडे नुसतं पाहिलं असतं तर तिने पाठ फोडली असती. पण तिचं एक वाक्य सगळ्यांची तोंडं बंद करायला पुरत असे. "आमच्या चेडवाक तेंच्याकडे नांदाचां आसा." मुलीला सासरी नांदायचंय, एवढं म्हटलं की बाबासुद्धा मूग गिळून बसायचे. अक्का स्वतः मात्र दाराआड उभी राहून नवऱ्याचं बोलणं ऐकत असायची आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. ती विद्या मला कधीच साधली नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं आणि म्हणूनच, सून म्हणते, माझ्याशी कुणी फार वेळ बोलत नाही.

आता होडीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यापायी. तिचं नाव सातेरी. आजोबांनी बांधून घेतलेली, फणसाच्या आणि आंब्याच्या फळ्यांची, पोटात रुंद आणि नाकाला चिंचोळी. बाबा तिच्यावर आणखी दोन माणसं घेऊन जाळी टाकायला जात. पावसाळा लागला की ती वर ओढून माडाच्या झावळांच्या खोपीत ठेवायची, फटींमध्ये कापूस आणि चंद्रूस, म्हणजे झाडाची राळ, नव्याने ठासायचा, आणि नारळी पुनवेच्या आधी तिला मोरीचं, म्हणजे मुशी माशाचं, तेल पाजायचं. पाजायचं असंच आम्ही म्हणायचो. मोरीच्या काळजाचं ते तेल डब्यात वर्षभर मुरत असायचं. त्याचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला सांगून कळणार नाही आणि ज्याने घेतला आहे त्याला सांगायची गरज नाही. चिंध्यांनी ते लाकडावर चोळायचं, लाकडाने प्यायलं की पुन्हा चोळायचं. हे काम बाबा दुसऱ्या कुणाला देत नसत. त्या दिवसांत त्यांच्या अंगाला, भाताच्या ताटाला, झोपायच्या गोधडीला, सगळ्याला मोरीचा वास यायचा आणि आई त्यांचं अंथरूण ओसरीवर घालायची.

त्या वर्षी सातेरीच्या तळाच्या फळ्यांना कीड लागली होती. बोट दाबलं की भुसा. बाबांचा चुलतभाऊ मोहनकाका तेव्हा नुकताच ट्रॉलरवाला झाला होता. त्याचा ट्रॉलर शापोऱ्याच्या जेटीला लागायचा. तो येऊन सातेरीभोवती दोनदा फिरला, पायातल्या चपलेने तिला ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "कित्याक मरतस हेच्यापाटसून? इकून टाक आनी माझ्या ट्रॉलरार ये. घरचोच माणूस म्हणान ठेवतंय." घरचाच माणूस म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं. मोहनकाकाच्या ट्रॉलरवर घरची माणसं जाळी ओढायची आणि मोहनकाका केबिनमध्ये बसून रेडिओ ऐकायचा. बाबा म्हणाले, "बघूया." बाबांचं 'बघूया' म्हणजे मेलो तरी नाही. हे घरात मांजरालाही माहीत होतं. पण पुनवेला सातेरी पाण्यात गेली नाही तर हंगाम हातचा जाणार आणि मग 'बघूया' म्हणून भागणार नव्हतं, हेही माहीत होतं. बाबांची स्वतःची होडी राहते की ते भावाच्या ट्रॉलरवर खलाशी होतात, एवढाच प्रश्न होता. आणि त्या प्रश्नावर भावोजींनी धोंडा हाणून उत्तर दिलं. सातेरीला फायबर मारायचं.

खरं तर किडलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या असत्या तर काम झालं असतं. विठू मेस्त, ज्याच्या बापाने सातेरी बांधली होती, तो हे जाणून होता. आषाढातच येऊन तो तसं बोलूनही गेला होता. पण भावोजींनी त्याला खोपीत बोलावून फायबरचा तुकडा दाखवला आणि आखातातली एक सिगारेट दिली, तसा मेस्ताला एकदम साक्षात्कार झाला. "जावयबापू म्हणतत तां बरोबर," तो म्हणाला. "आता दुनिया फायबराची." मग आमच्या ओसरीवर बसून त्याने आईच्या हातच्या आंबोळ्या खाल्ल्या, काळ्या वाटाण्यांची उसळ दोनदा मागून घेतली, आणि भावोजींच्या प्रत्येक वाक्याची री ओढली. मेस्त मंडळींबद्दल लोक फार हळवेपणाने लिहितात, हाताची कला वगैरे. विठू मेस्ताच्या हातात कला होतीच. पाठीला मात्र कणा नव्हता.

मग भावोजींच्या देखरेखीखाली सातेरी खरवडली गेली. फटींमधला कापूस आणि चंद्रूस खणून काढला, कारण फायबर मारल्यावर त्याची जरूर नाही असं यार्डाचं मत होतं. लाकूड कॉस्टिक सोड्याने धुतलं, खोपीत नारळाच्या सोडणांचा जाळ घालून सुकवलं. इतकं सुकवलं की ती काळीभोर होडी मेलेल्या माशाच्या पोटासारखी पांढुरकी दिसायला लागली. बाबा खोपीच्या दारात बिडी ओढत बसून असायचे. मी एकदा त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, तुमकां ह्यां सगळां नाका आसा, तर सांगत कित्याक नाय?" ते म्हणाले, "जावय तो." बस, एवढंच. तिरकोलच्या खाडीच्या तोंडावर, जिथे भरतीची लाट होडी उभी करते, तिथून हा माणूस एका हाताने सुकाणू धरून आत यायचा आणि दुसऱ्या हाताने बिडी शिलगवायचा. त्याला स्वतःच्या जावयापुढे दोन अक्षरी 'नको' तोंडातून काढता येत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही म्हापशाला गेलो, सामान निवडायला. भावोजी, बाबा आणि मी. मला नेलं ते आईच्या बाजारासाठी. तिला मसाल्याच्या मिरच्या आणि वेंगुर्ल्याच्या बाईकडचं बिबलीचं लोणचं हवं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं, पाइप, पत्रे, पंप आणि आता नवीन हे फायबर. आत शिरल्याबरोबर त्या रसायनाचा गोडसर उग्र वास नाकात बसला आणि डोकं धरलं. दुकानदार तोंडात पानाचा तोबरा धरलेला, गिऱ्हाईकावर उपकार केल्यासारखा बोलणारा माणूस होता. त्याने फळीवर तीन गुंडाळ्या टाकल्या. एक म्हणजे मॅट, काचेचे बारीक तंतू विस्कटून दाबून बसवलेली, आईच्या जुन्या गादीतल्या कापसासारखी. दुसरं रोव्हिंग, जाडजूड, चटईसारखं विणलेलं. तिसरं पातळ काचकापड, ज्याचा झगा शिवता आला असता. मग त्याने दोन डबे ठेवले. एक साधं पॉलिएस्टर रेझिन, दुसरं इपॉक्सी. म्हणाला, जुन्या लाकडावर बसवायचं असेल तर इपॉक्सी आणि पातळ कापड घ्या, ते लाकूड धरून ठेवतं. पॉलिएस्टर फायबरवर फायबर बसवायला चांगलं, लाकडाशी त्याचं फारसं जमत नाही. जाड रोव्हिंग एकटं तर लावूच नका, खाली मॅट लागते.

भावोजींनी हे सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तो बोलत असताना ते कॅलेंडरवरची बाई पाहत होते, आणि मग रोव्हिंगच्या गुंडाळीवर हात ठेवला. "ह्यां," ते म्हणाले. "जाड ता घट." रेझिन पॉलिएस्टरचं, कारण यार्डात त्याच रंगाचे डबे होते. मॅट नको, कारण ती बघायला लेचीपेची. हे सगळं ठरवायला त्यांना पान लावण्याएवढा वेळ लागला. मात्र वरचा रंग निवडायला त्यांनी सकाळ घालवली. पांढऱ्याचे पाच प्रकार उन्हात नेऊन पाहिले, दाढीला हात लावून पाहिले, आणि शेवटी दुकानदाराने पहिल्यांदा दाखवलेला घेतला. मी लोणच्याची बरणी मांडीवर धरून बाकावर बसून होते. माझं वय हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

तेवढ्यात दुकानदाराला काहीतरी आठवलं. "होडयेक तेल बी लायतात काय?" त्याने विचारलं.

"ना, ना," भावोजी म्हणाले. "एकदम क्लीन."

"आमी दरवर्सां मोरीचां तेल लायतंव," मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

"तू गप रव गो," बाबा म्हणाले. इतक्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

दुकानदाराने आता बाबांकडे पाहिलं. होडी यांची आहे हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. "जुनां तेल सोड्यान जाता," तो म्हणाला. "पण आता सुकल्या उपरांत वयर तेलाचो हात जरी लागलो, तर कितेंय लावा, फायबर धरचां ना. दर्यात घातल्याबरोबर साल सुटान येतली, एकाच तुकड्यान."

"एकाच तुकड्यान?" बाबांनी विचारलं.

"एकाच तुकड्यान."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, काळजीने हलवली. आणि मला ओरडले ते जावयाचा मान राखायला. परतीच्या बसमध्ये रेझिनचा डबा आमच्या पायाशी होता, भावोजी कंडक्टरला आखातातल्या बसेस कशा गार असतात ते सांगत होते, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाबांचा असा राग आला होता की पेडणे येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी आपल्या घरी मांद्र्याला गेले, मदतीला मित्र आणायला. जेवणं झाल्यावर बाबांनी माळ्यावरून मोरीच्या तेलाचा डबा खाली काढला. कुणाची चोरी नाही, लपवाछपवी नाही. भर दुपारी, खोपीचं झापड उघडं टाकून, चिंध्या घेऊन बसले आणि सातेरीला तेल पाजायला लागले. तळापासून काठापर्यंत, एकेक फळी, नेहमीसारखं. सुकलेलं लाकूड ते तेल अधाशासारखं प्यायला लागलं. आई वासाने बाहेर आली. "अहो, पण उद्यां फायबर मारूचां आसा मगे?" तिने विचारलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "पुनवेआदी तेल लावची रीत आसा. देवीचां नाव आसा होडयेक." आईने हात जोडले आणि आत गेली. वाटेवरून जाणाऱ्यांनी पाहिलं. विठू मेस्ताने पाहिलं आणि नाकाला पंचा लावून पुढे गेला. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, काय हा बावळट माणूस! काल दुकानदार घसा फोडून सांगतो आणि आज हा रीत पाळतो. संध्याकाळी भावोजी आले, तेव्हा सातेरी पुन्हा काळी झाली होती आणि चकाकत होती. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, बोटांचा वास घेऊन तोंड वाकडं केलं, पँटला हात पुसला आणि म्हणाले, "वा! पॉलिश बरां झालां." यार्डाचा माणूस!

फायबर चढवण्याचा सोहळा मी विसरणार नाही. भावोजींनी आधी रिकाम्या फटींमध्ये पुट्टी भरली, मग बाल्दीत रेझिन ओतलं आणि त्यात ते घट्ट करणारा हार्डनर इतका घातला की ढवळता ढवळता बाल्दीतून धूर निघायला लागला, आणि ब्रश आत उभा तो उभाच राहिला. ती बाल्दी फेकली. दुसऱ्या बाल्दीला हार्डनर कमी पडला आणि ते चिकट पाकासारखं ओघळत राहिलं. बाहेर पाऊस, खोपीत ओल. जाड रोव्हिंग सातेरीच्या पोटावर बसेना. जिथे दाबावं तिथे दुसरीकडून उठून यायचं. मग मित्रांनी ते कडेने बारीक खिळ्यांनी ठोकलं. वाळल्यावर घासायचं ठरलं आणि भावोजी लुंगी नेसून, उघड्या अंगाने पॉलिशपेपर घेऊन बसले. काचेची भुकटी काय असते हे स्टोअरच्या खिडकीतून कळत नसावं. त्या दिवसापासून ते ओसरीवर अंग खाजवत नाचत होते, आई खोबरेल घेऊन त्यांच्यामागे फिरत होती आणि अक्का दाराआड उभी होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण पदर तोंडात होता. वर पांढरा रंग बसला आणि सातेरी फ्रीजसारखी दिसायला लागली. गाव बघायला आला. म्हातारे, बाप्ये, बायका, सगळे. सगळ्यांनी आयुष्यभर तेल लावलेल्या लाकडाला साधा कागद चिकटवून पाहिलेला होता. पण एकाच्याही तोंडातून ते निघालं नाही. "मस्त," म्हणाले. "विलायती कशी दिसता." जावई आमचा होता, पण तोंडाला कुलूप सगळ्या वाड्याच्या होतं.

नारळी पुनवेला किनाऱ्यावर सगळ्या होड्या फुलांच्या माळा घालून उभ्या होत्या. आमची त्यात पांढरीफेक. बाबांनी आपल्या दोन माणसांना बाजूला केलं. "आज हांव एकटोच," म्हणाले. भावोजी अर्थातच ऐकेनात. पांढरी पँट, काळा चष्मा, हातात नारळ, असे ते नाकाशी उभे राहिले, जसं काही यांच्या स्वागताला समुद्र थांबला होता. बाबांनी वल्हं मारलं. पहिली लाट गेली, दुसरी गेली, भावोजींनी नारळ सोडला, किनाऱ्यावर ढोल वाजले. बाबा होडी किनाऱ्याला धरून, उथळातूनच फिरवत होते. मग एक लाट आडवी आली आणि सातेरीच्या नाकाखालून पांढरं काहीतरी लोंबायला लागलं. मला वाटलं माळ तुटली. ते वाढत गेलं. पाणी आत शिरलं आणि ते सगळं कातडं फुगून, खिळे उपसत, एका अंगाने सुटून आलं. खरोखरच एकाच तुकड्याने. दुकानदार कितीही उर्मट असला तरी खरं बोलला होता.

बाबांना वाटलं होतं तितकंच झालं असतं तर मी आज हे हसत लिहिलं असतं. पण फटींमधला कापूस आणि चंद्रूस भावोजींनी आधीच खणून काढला होता. त्यात भरलेली पुट्टी त्या सालीबरोबर निघून गेली आणि पाणी सगळीकडून आत आलं. त्यात ती सुटलेली साल होडीला तिरकी ओढायला लागली, वल्ह्याला जुमानेना. लाटेने सातेरी खडकांवर नेऊन आपटली. भावोजींना लोकांनी काखेत धरून बाहेर काढलं. पाणी कमरेएवढं होतं आणि ते बुडतंय बुडतंय म्हणून ओरडत होते. बाबा होडी सोडेनात. तिला वर ओढलं तेव्हा आतले दोन वासे मोडले होते, तळाची फळी उभी फाटली होती, आणि बाबा वाळूत बसून तिच्या अंगावरून हात फिरवत होते. भावोजींनी कपडे बदलून आल्यावर निकाल दिला की रेझिन भेसळीचं होतं. गावाने मान डोलावली.

विठू मेस्ताला विचारलं तर तो म्हणाला, दिवाळीपर्यंत हात मोकळा नाही. त्याने आता फायबरची कामं घ्यायला सुरुवात केली होती. हंगाम सुरू झाला. बाबा एक दिवस पहाटे पेज पिऊन, पंच्यात कपडे बांधून शापोऱ्याला गेले, मोहनकाकाच्या ट्रॉलरवर. ह्या हंगामापुरतं, असं म्हणाले. पुढची सगळी वर्षं त्यांनी तिथेच जाळी ओढली. घरी येताना त्यांच्या अंगाला डिझेलचा वास यायचा आणि आईने त्यांचं अंथरूण पुन्हा ओसरीवर घातलं नाही.

खूप पुढे, आई गेल्यावर, बाबा माझ्याकडे डिचोलीला राहायला आले. खाणीच्या लाल धुळीत समुद्राचा माणूस. खिडकीत बसून ट्रक मोजायचे. एकदा भावोजी भेटायला आले. ओसरीवर बसून त्यांनी माझ्या मुलांना फायबरवर व्याख्यान दिलं आणि रेझिन भेसळीचं होतं ते पुन्हा सांगितलं. ते गेल्यावर मी कपबशा उचलत होते, तर बाबा खिडकीकडे पाहून स्वतःशी हसले. "दुकानदार खरो," म्हणाले. "एकाच तुकड्यान."

मी कपबशा खाली ठेवल्या. मला सगळं एकदम कळलं. म्हापशातलं ते 'गप रव', भर दुपारचं ते तेल, ती रीत, ते एकट्याने जाणं. हा बावळटपणा नव्हता. जावयाला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून या माणसाने होडीकडून नाही म्हणवून घेतलं होतं. साल पहिल्याच दिवशी निघेल, जावयाचं समाधान होईल, मग आपण पुन्हा कापूस ठासू, फळ्या बदलू आणि दर्यात जाऊ, असा त्याचा हिशोब. मला खूप राग आला. "बाबा, होडी गेली ना पण तुमची!" मी ओरडले. "जन्मभर दुसऱ्याची जाळी ओढलीत! तोंडान नाका म्हटलं असतंत तर काय जीभ झडली असती?"

 ते अगदी शांतपणे म्हणाले, "अक्का कशी नांदली, तां सांग."

मी कपबशा पुन्हा उचलल्या आणि आत नेल्या. अक्का नांदली. कशी, ते तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगा मला केरीला घेऊन गेला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या होड्या रांगेने उभ्या होत्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या आरपार फायबरच्या आहेत, लाकूड असल्याचा आव आणत नाहीत. जेवायला आम्ही एका नव्या शॅकमध्ये बसलो. तिथे माडाखाली वाळूत एक जुनी होडी मांडून तिच्यात बर्फ आणि बाटल्या भरल्या होत्या. पांढरीफेक, चकचकीत, बाजूला इंग्रजीत शॅकचं नाव. मी उठून जवळ गेले. आतले दोन मोडके वासे तसेच होते. खोप पडली तेव्हा होडी कुणी नेली हे मला कधी कळलं नव्हतं.

मालक पोरगा धावत आला. "अँटिक पीस, मावशे," म्हणाला. "वयर मस्त फायबर मारलां. आता हिका काय एक जावचां ना."

मी सातेरीच्या नाकाखाली हात घातला. कड उचलली गेली होती. नख लावलं, तशी तळहाताएवढी साल अलगद हातात आली. खालचं लाकूड काळंभोर होतं. बोट त्याच्यावर घासून मी नाकाशी नेलं. मोरीचं तेल.

"आई, कितें करतस? फुटात तां," मुलगा मागून म्हणाला.

"बघूया," मी म्हटलं, आणि आणखी थोडी साल ओढली.